जोडीतला गंभीर

हेमराज कातोरेचा आवाज चांगला होता, हे हिंगणघाटात कुणी नाकारत नसे. वाईट एवढंच होतं, की कुणी ते आपणहून म्हणतही नसे.

आवाज खोल होता, जुन्या विहिरीत बादली उतरावी तसा. बावीस वर्षांचा असताना तो नागपूरला रेडिओवर आवाजाची परीक्षा द्यायला गेला होता. काचेपलीकडच्या माणसाने त्याच्याकडून बातम्यांचा एक कागद वाचून घेतला आणि चष्मा पुसत म्हटलं, "आवाज उत्तम आहे. पण बोली लपत नाही." परतीच्या एसटीत बुटीबोरी येईपर्यंत हेमराजने ठरवून टाकलं, की आता ती लपवायची. वडिलांच्या किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता तो पुड्यांच्या कागदावरचे अग्रलेख मोठ्याने वाचू लागला. 'मले'चं 'मला' झालं, 'काऊन'चं 'का' झालं. वर्षभरात जीभ अशी घासूनपुसून निघाली, की गिऱ्हाईक हरभऱ्याची डाळ मागतानाही जरा अदबीने मागू लागलं. लग्न झाल्यावर बायकोशी, सुलोचनेशी, तो तसंच बोलायचा. पहिले काही महिने ती डोक्यावर पदर घेऊन त्याचं ऐकत असे, जणू सासरेच बोलत आहेत.

रेडिओने पुन्हा बोलावलं नाही. दुकान मोठ्या भावाकडे गेलं आणि हेमराज चित्रवेणा टॉकीजकडे. काम सिनेमाच्या जाहिरातीचं. सायकलरिक्षावर प्लायवूडच्या दोन फळ्या तंबूसारख्या उभ्या करायच्या, त्यांवर खळीने पोस्टर चिकटवायची, वर भोंगा, खाली बॅटरी, आणि आत बसून गावभर सांगत फिरायचं. हेमराज हे काम देवळात पोथी वाचावी तसं करायचा. कारंजा चौक, कापसाच्या जिनिंगांची फाटकं, नांदोरी रस्ता, सोमवारचा बाजार. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि पुन्हा कांदे निवडू लागायचे.

रिक्षा ओढायचा श्रावण उरकुडे. वेणा नदीकाठच्या भाजी पिकवणाऱ्या घरातला. पहाटे भावाच्या वांग्यांच्या डाली बाजारात टाकायच्या आणि दहा वाजता टॉकीजच्या फाटकाशी हजर व्हायचं. हेमराजपेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून त्याला 'हेमराजभाऊ' म्हणायचा, 'तुमी' म्हणायचा. ठेंगणा, पोट सुटलेला, तोंडात सदा काहीतरी. त्याची पाठ हेमराज सहा वर्षं पाहत आला होता. त्या पाठीला मत असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

शहाण्णव साली चित्रवेणात एक विलायती सिनेमा लागला, हिंदीत बोलणारा. 'दो वर्दी, एक गोली.' दोन पोलीस. एक उंच, इस्त्रीचा, कायद्याच्या पुस्तकासारखा कोरडा. दुसरा बुटका, बडबड्या, ऐन गोळीबारात कसलासा गोल, मधे भोक पडलेला पदार्थ खाणारा. दोघांना एकमेकांचं तोंड पाहवत नाही आणि साहेब दोघांना एकाच गाडीत बसवतो. टॉकीजचे मॅनेजर प्रभाकरराव म्हणाले होते, "आठ दिवस चालला तं नशीब."

पहिल्याच सोमवारी बाजारात हेमराजने माइक तोंडाशी धरला. "एक अधिकारी, ज्याला कायद्याशिवाय काहीही दिसत नाही!" इथे तो नेहमीप्रमाणे थांबला. असं थांबण्यात वजन असतं, असं त्याचं मत होतं. त्या थांबलेल्या जागेत पुढच्या सीटवरून, आलुबोंडा चघळत, श्रावण स्वतःशीच बोलला, "अन् दुसरा, ज्याले भुकेशिवाय काईच सुचत नाई."

माइक चालू होता. भोंग्यातून ते वाक्य साऱ्या बाजारावर पडलं.

क्षणभर काही झालं नाही. मग भाजीवाली कुंताबाई, पालकाच्या जुड्या बांधता बांधता, तोंडात धरलेला दोरा सुटेस्तोवर हसली. तिच्या शेजारची हसली. हसू लसणाच्या ओळीतून मिरचीच्या ओळीत गेलं. हेमराजने घाईने पुढचं वाक्य घेतलं, "दुश्मनाच्या हाती बंदूक!" श्रावणला काय वाटलं कोण जाणे, त्याने हातातला उरलेला तुकडा वर धरला. "अन् आमच्या हाती आलुबोंडा!" आता माणसं रिक्षाजवळ येऊ लागली. हेमराजच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळं आवरायचं म्हणून त्याने शेवटचं वाक्य काढलं, जे तो प्रत्येक सिनेमाला म्हणायचा, अगदी घरगुती सिनेमालासुद्धा: "शेवटी कोण जिंकणार?"

श्रावण मागे वळला आणि फळीकडे बोट दाखवत म्हणाला, "भाऊ, पोस्टर तं पाहा! दोघंही हासून राह्यले!"

सिनेमा सहा आठवडे चालला.

प्रभाकररावांनी दोघांना खोलीत बोलावलं. हेमराजला वाटलं, श्रावणला समज मिळणार. प्रभाकरराव म्हणाले, "हे असंच करत जा दोघं मिळून. हेमराज, तू गंभीर राह्य. जितका गंभीर राहशील तितकी मजा येते."

ते बोलणं हेमराजच्या डोक्यात रुतून बसलं. गंभीरपणा ही त्याने वर्षानुवर्षं घासून मिळवलेली गोष्ट होती, आणि आता ती दुसऱ्याचा विनोद ठेवायचा पाट झाली होती. तो बोलायचा तेव्हा लोक त्याच्याकडे पाहायचे, पण वाट श्रावणची पाहायचे. त्यांच्या ओठांच्या कडा आधीच हलू लागायच्या. पोट्टे पळत यायचे ते ओरडत, "श्रावणची गाडी आली, श्रावणची गाडी!" गाडी टॉकीजची होती. बॅटरी टॉकीजची, भोंगा टॉकीजचा, शब्द हेमराजचे.

श्रावणला यातलं काही कळत नव्हतं, हे आणखी वाईट. तो उर्मट असता तर हेमराजचं काम सोपं झालं असतं. तो दुपारी हेमराजच्या डब्यात हक्काने हात घालायचा आणि आपल्या डब्यातली भरली वांगी त्याच्या पोळीवर वाढायचा. म्हणायचा, "भाऊ, तुमच्यामुळं होते हे. तुमी थांबता ना, म्हणून मले घुसाले जागा भेटते."

हेमराज वांगी खायचा. चांगली असायची. तेही त्याला खुपायचं.

नव्व्याण्णव साली त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. हेमराज पहिल्याच खेळाला जाऊन बसला, मुद्दाम दोष काढायला. दोष काढावे लागलेच नाहीत. तेच दोघं. पहिल्या भागाच्या शेवटी भाऊ-भाऊ झालेले, दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा एका खुर्चीवरून भांडत होते, जणू मधे काही घडलंच नव्हतं. साहेबाने टेबल आपटलं. नवीकोरी गाडी भिंतीत गेली. मध्यंतरानंतर दोघांचं बिनसलं, दोघं दोन रस्त्यांना गेले, आणि पावसात एकेकटे उभे राहिले. शेवटी बुटका अडकला आणि उंच धावून आला. हेमराजभोवतीच्या खुर्च्यांवर बसलेली जिनिंगातली माणसं साहेबाच्या आधी टेबल आपटत होती. गाडी भिंतीत जायच्या आधी "गेली, गेली" म्हणत होती. बिनसलं तेव्हा कुणालाच चिंता वाटली नाही. सगळे निवांत शेंगदाणे सोलत बसले. घरच्या पंगतीत पुढचा पदार्थ ठाऊक असताना बसावं तसे.

बाहेर आल्यावर तो श्रावणला म्हणाला, "यात नवीन काय आहे? सगळ्यांना सगळं माहीत आहे. मग येतात कशाला?"

श्रावण रिक्षाच्या चाकात हवा भरत होता. "भाऊ, पोळ्याले आपण दरसाल जातो का नाई?"

"जातो. त्याचं काय?"

"तेच बैल, तेच तोरण, तोच रस्ता. कोणी म्हणते का, का औंदा बैलाच्या जागी हत्ती आणा?"

हेमराजने हे घरी सांगायला नको होतं. पण वाक्य असं होतं, की ते कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. सुलोचना भाकर थापत होती. तिचे हात थांबले, ती हसली, आणि पिठाच्या हाताने डोळे पुसताना गालावर पांढरा फराटा उमटला. "हत्ती!" ती म्हणाली. "काय बोलते तो श्रावण!" लग्नाला चौदा वर्षं झाली होती. आपल्या बोलण्याने तिच्या गालावर कधी पीठ लागल्याचं हेमराजला आठवेना. त्या रात्रीची भाकर त्याला कडक लागली.

दुसऱ्या भागासाठी त्याने नवी जाहिरात लिहिली. पूर्ण एक पान. 'मृत्यूच्या सावलीत मैत्रीची अग्निपरीक्षा' असं तिचं पहिलं वाक्य होतं. श्रावणला त्यात एकच शब्द ठेवला होता: 'होय.' श्रावणने तो चार वेळा म्हणून पाहिला आणि विचारलं, "कसा म्हणू भाऊ? घाबरून, का खुश होऊन?"

"नुसता म्हण."

सोमवारच्या बाजारात हेमराजने पान वाचलं. श्रावणने 'होय' म्हटलं. लोकांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मग कुंताबाई पालकाच्या ढिगामागून उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "काऊन रे श्रावण, आलुबोंड्याचं काय झालं? मालकानं बंद केला का?"

श्रावणने मागे वळून हेमराजकडे पाहिलं. विचारत होता. सातवीतलं पोरगं मास्तरला विचारतं तसं, डोळ्यांनी. हेमराजने नजर दुसरीकडे वळवली, तेलाच्या डब्यांकडे. आणि श्रावणने ते म्हटलं. तिन्ही वाक्यं म्हटली, एकापाठोपाठ. हेमराजची वाक्यं मधे नव्हतीच, तरी बाजार हसला. माणसं आपापल्या मनात हेमराजची वाक्यं म्हणून घेत होती. त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या दिवसापासून हेमराजच्या मनात एक गोष्ट उगवली आणि तिने मूळ धरलं. एकदा, फक्त एकदा, ह्या गावाने आपला आवाज एकट्याचा ऐकावा. दुसरा कुणी मधे नको.

ती वेळ चार वर्षांनी आली, आणि आपण होऊन आली. श्रावणचे गुडघे गेले. त्याची मुलगी रंजिता वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला दिली होती. जावयाने तिथल्या एका इमारतीवर त्याला राखणदाराचं काम लावून दिलं, खुर्चीवर बसून करायचं. श्रावण बायकोला, सुमित्राबाईला, घेऊन तिकडे राहायला गेला. जाताना त्याने हेमराजला वांग्यांची पिशवी दिली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात घास होता. त्याने हातानेच 'येतो' केलं. एसटी सुटली तेव्हा हेमराजला हलकं वाटलं. मग पिशवीची मूठ हाताला रुतलेली जाणवली.

टॉकीजने सायकलरिक्षा मोडीत काढून भाड्याची ऑटो घेतली. हेमराज मागे बसून एकटा बोलू लागला. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि कांदे निवडायचे. सहा महिने असं गेलं, आणि दोन हजार तीन साली तिसरा भाग आला.

प्रभाकररावांनी टेपरेकॉर्डर आणला होता. "बॅटरीवर चालते. श्रावणले एक दिवस बोलावलं म्या. दोघाइचा आवाज भरून घ्या. मंग तो तिकडं राह्यला तरी जोडी इथंच राहीन."

"मी एकटा करतो," हेमराज म्हणाला. "नव्या पद्धतीने."

"येडा झाला का बे? भाग तीन हाय हा. लोकाइले नवं पाह्यजे असतं तं त्याइनं भाग एकच पाहून सोडून देल्लं नसतं का?"

श्रावण आला. खुर्चीवर बसून पोट आणखी सुटलं होतं. मॅनेजरच्या खोलीत पंखा बंद करून दोघांनी तीच वाक्यं म्हटली. मधे श्रावणने खरोखरीचा आलुबोंडा हातात धरला होता, "नाई तं आवाजात येत नाई" म्हणून. एकदाच भरायचं, आणि प्रत्येक चौकात कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावायची, असं ठरलं. जाताना तो म्हणाला, "सोमवारच्या बाजारात मी सुमित्राले घेऊन येतो, भाऊ. तिनं माहा आवाज कॅसेटीत ऐकला नाई कधी. तिले खोटंच वाटून राह्यलं."

हेमराज कॅसेट तपासायला टेपरेकॉर्डर आणि माइकसकट घरी घेऊन गेला. दुपारची वेळ. सुलोचना म्हणाली, "लावा तं, मले ऐकू द्या." त्याने लावली. स्वतःचा आवाज ऐकताना त्याला आनंद झाला. खोल, स्वच्छ, एकही बोली चिकटलेली नाही. त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. आणि मग श्रावणचं वाक्य आलं, शंभर वेळा ऐकलेलं, सात वर्षं जुनं, आणि ती हसली. दुसऱ्याला हसली. तिसरं यायच्या आधीच हसली. "पोस्टर तं पाहा," ती श्रावणच्या बरोबरीने म्हणाली आणि पदराने डोळे टिपत गहू दळायला चक्कीवर निघून गेली.

घरात हेमराज आणि टेपरेकॉर्डर उरले.

त्याने माइकची वायर काढली. भरायचं लाल बटन दाबलं, की जुनं पुसलं जातं, हे प्रभाकररावांनीच शिकवलं होतं. पहिलं वाक्य पुसायला पाच सेकंद लागले. दुसऱ्याला चार. तिसरं लांब होतं. बोट दाबून बसल्या बसल्या त्याला वाटलं, की हे एखाद्या माणसाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे. तो माणूस मुळीच झटापट करत नाहीये, तुमच्यावर विश्वास ठेवून निजला आहे.

मग वायर पुन्हा लावून त्याने मोकळ्या जागांत आपला आवाज भरायचा प्रयत्न केला. 'आणि दुसरा, ज्याला भुकेशिवाय काहीच सुचत नाही.' त्याने ते ऐकलं. शाळेच्या तपासणीला आलेला अधिकारी जेवायला मागतो आहे, असं वाटलं. त्याने पुसलं. पुन्हा भरलं, पुन्हा पुसलं. 'आलुबोंडा' हा शब्द तर त्याच्या तोंडातून निघेचना. तो त्याने कधी शुद्ध करून घेतला नव्हता. चक्कीवरून सुलोचना परतायची वेळ झाली तेव्हा त्याने जागा तशाच मोकळ्या सोडल्या. विराम, तो स्वतःला म्हणाला. भारदस्त विराम.

सोमवार उगवेपर्यंत त्या विरामांनी त्याला खाऊन टाकलं. सुमित्राबाई येणार. बोरगावहून दीड-दोन तास एसटीत बसून येणार, नवऱ्याचा आवाज ऐकायला. त्याने प्रभाकररावांना सुचवून पाहिलं, की औंदा बाजार सोडून आधी जिनिंगांकडे जाऊ. 'औंदा' हा शब्द आपल्या तोंडून निघून गेला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. प्रभाकररावांच्या आलं. "बरं नाई का तुले?" त्यांनी विचारलं. "बाजार कसा सोडता येईन?"

ऑटो लिंबाखाली उभी राहिली. समोर कांद्यांची ओळ, मग लसूण, मग मिरची, आणि टोकाला, केस पांढरे झालेली कुंताबाई. गर्दीत श्रावण दिसतो का ते हेमराजने पाहिलं. दिसला नाही. आत्ताच लावावी, तो येण्याआधी वाजून जाऊ दे, असा विचार करून त्याने बटन दाबलं.

"एक अधिकारी, ज्याला कायद्याशिवाय काहीही दिसत नाही!"

मग ती जागा आली. भोंग्यातून नुसती खरखर. माणसांनी माना वर केल्या. पाच सेकंद एवढे लांब असतात, हे हेमराजला ठाऊक नव्हतं. खरखर संपत आली आणि टोकाकडून, पालकामागून, फाटका आवाज आला, "अन् दुसरा, ज्याले भुकेशिवाय काईच सुचत नाई!"

कुंताबाई बसल्या जागेवरून बोलली होती. जरा चिडूनच, जसं कुणी मधेच गाणं सोडलं तर मागचा माणूस उचलतो.

"दुश्मनाच्या हाती बंदूक!" कॅसेटमधला हेमराज म्हणाला.

आता वाट पाहावी लागली नाही. कांदेवाला, लसूणवाली, पिशव्या घेतलेल्या बाया, हमाल, पन्नासेक गळे एकदम उघडले. "अन् आमच्या हाती आलुबोंडा!" कुणी कांदा वर धरला, कुणी वांगं. आणि "शेवटी कोण जिंकणार?" ला तर सारा बाजार त्याच्याकडे वळून, बोटं ऑटोच्या फळीकडे रोखून, ओरडला, "भाऊ, पोस्टर तं पाहा! दोघंही हासून राह्यले!"

असं हसू त्या बाजारात श्रावणलाही कधी मिळालं नव्हतं.

हेमराज गुडघ्यावर टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. पुढे काय होणार हे कळावं म्हणून ही माणसं कधीच येत नव्हती. आपली पाळी कुठे येते ते त्यांना ठाऊक असायचं, आणि त्या पाळीसाठी ती येत होती. हे त्याला आत्ता कळलं, आणि कळून बरं वाटलं नाही. इतकी वर्षं तो एका माणसाचा हेवा करत होता. त्या माणसाचं तोंड बंद करायला गेला आणि साऱ्या बाजाराला श्रावण करून बसला. आता हेवा तरी किती जणांचा करायचा?

"भाऊ!"

श्रावण गर्दीतून येत होता, एक पाय ओढत. मागे सुमित्राबाई, नवं लुगडं नेसून. त्याचा चेहरा फुलला होता. "काय डोकं लावलं भाऊ तुमी! माहा आवाज काढून घेतला अन् जागा लोकाइले देऊन देल्ली! सुमित्रा, पाह्यलं? मी म्हणत होतो ना, भाऊचं डोकं लय मोठं हाय!"

सुमित्राबाईने हसून पदर सावरला. "पण मले तुमचा आवाज ऐकाचा होता ना," ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

हेमराजला एवढंच करायचं होतं, की मान हलवायची. श्रेय समोर येऊन उभं राहिलं होतं, हात जोडून. सात वर्षांत पहिल्यांदा. पण ते श्रावणच्याच हातून येत होतं, त्याच्या वांग्यांसारखं, हक्काने पोळीवर वाढलेलं, आणि हेमराजच्या घशाखाली ते उतरेना.

"डोकं नाई लावलं," तो म्हणाला. माइक बंद आहे ना, ते त्याने बोटाने चाचपलं. "पुसला मी तुहा आवाज. जाणून. मले नोको होता तो."

वीस वर्षांत तो असं बोलला नव्हता. सुमित्राबाई त्याच्याकडे पाहत राहिली. श्रावणचं तोंड, जे कायम काहीतरी चघळायचं, ते थांबलं.

"काऊन?"

"तुले हासतात म्हणून. माही बायको बी तुलेच हासते."

मिरचीवालीने कुणालातरी शिंक आल्याबद्दल शिवी दिली. कुंताबाई ओरडली, "अरे, पुन्हा लावा ना बाप्पा! एकदाच का?"

श्रावणने हात आत घातला, माइक उचलला आणि हेमराजच्या तोंडासमोर धरला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण ओलावाही नव्हता. "मंग भर आता ती जागा. माहं वाक्य तूच म्हण."

त्याने 'तू' म्हटलं होतं. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

"मले नाई जमत."

"म्हण."

माइकचं बटन श्रावणनेच दाबलं. भोंगा कुईं करून जागा झाला. बाजार वाट पाहत होता. हेमराजने ओठ ओले केले. आधी आपलं वाक्य म्हटलं, रोजच्या आवाजात, "शेवटी कोण जिंकणार?" आणि मग डोळे मिटून, पुड्या बांधायच्या आधीच्या, बुटीबोरीच्या आधीच्या, वडील ओट्यावरून हाक मारायचे तेव्हा 'आलो ना बापा' म्हणायच्या त्या जिभेने, तो बोलला, "मले काय पुसता बाप्पा! पोस्टर तं पाहा! त्यातला एक मी हाय, अन् मलेच हासू येऊन नाई राह्यलं!"

वाक्य चुकलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा वाक्य बदललं होतं. बाजार एक क्षण गडबडला. मग कुंताबाईने कपाळावर हात मारला आणि हसता हसता मागच्या पोत्यावर कलंडली, आणि तिच्यामागून सारी रांग. पोट धरून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, माणसं हेमराजला हसत होती. ते हसू त्याच्या छातीवर येऊन आदळलं. ऊन लागावं तसं अंग गरम झालं. याच्यासाठी, त्याला वाटलं, माणूस कुणाचाही आवाज पुसेल.

त्याने डोळे उघडले आणि श्रावणकडे पाहिलं.

श्रावण हसत नव्हता. त्याच्या ओठांच्या कडा हलल्या होत्या आणि तिथेच राहिल्या होत्या. तो गर्दीकडे पाहत होता, कुंताबाईकडे, तिच्या निसटलेल्या अंबाड्याकडे, आणि मग बायकोकडे. सुमित्राबाई पदर तोंडाशी धरून हसण्याने थरथरत होती. श्रावणच्या गालाखाली काहीतरी आवळून आलं. तो चेहरा हेमराजच्या ओळखीचा होता. सात वर्षं, रोज सकाळी, दाढीच्या अर्ध्या साबणाखाली, आरशात त्याने तो पाहिला होता.

त्याने माइक खाली केला. त्याला काही म्हणावंसं वाटलं, पण काय म्हणायचं ते दोघांनाही ठाऊक होतं.

श्रावणने ऑटोच्या दांडीला धरलं आणि दुखरा गुडघा वर घेतला.

"सरक," तो म्हणाला. "माहं वाक्य माह्याकडं दे."

हेमराज सरकला.